कॉम्प्युटरवर नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही! कोणतं यंत्र काय बघतं, जाणून घ्या

बुलडाणा : "डोळे तपासले ना, कॉम्प्युटरवर!" असं सांगणारे गावोगावी भेटतात. मशीनवर हनुवटी टेकवली, चिठ्ठी निघाली, चष्मा आला, काम संपलं. पण ती चिठ्ठी फक्त चष्म्याचा नंबर सांगते. डोळ्याच्या आतला पडदा कसा आहे, दाब किती आहे, हे तिच्यावर नसतं. नजर कायमची नेणारे काचबिंदू आणि मधुमेहाने होणारा पडद्याचा आजार मात्र तिथंच लपलेले असतात. म्हणून कोणतं यंत्र काय बघतं, हे माहीत असलेलं बरं.

*भिंतीवरचा तक्ता*
वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता हॉलंडचे डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये काढला. कागदावर ६/६० लिहिलं असेल, तर निरोगी माणसाला ६० मीटरवरून दिसणारं अक्षर त्या माणसाला ६ मीटरवर आल्यावर दिसतं, असा अर्थ. पण तक्ता समोरची नजर मोजतो. काचबिंदूत नजर बहुधा कडेनं कमी होत जाते. त्यामुळे तक्ता पूर्ण वाचणाऱ्यालाही काचबिंदू असू शकतो.

*डोळ्याच्या आत डोकावणारी दुर्बीण*
रात्री बॅटरी मारली की मांजराचे डोळे चमकतात, मग माणसाची बाहुली काळीच का दिसते? कारण आत गेलेला उजेड आल्या वाटेनंच परततो, आणि त्या वाटेवर डोळा लावायला गेलं की आपलंच डोकं उजेड अडवतं. जर्मनीचे शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी तिरप्या काचेवरून उजेड आत सोडला आणि त्याच काचेतून पाहिलं. १८५१ मध्ये त्यांनी हे यंत्र जगापुढं मांडलं. त्यामुळे जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्या आणि मेंदूकडे जाणारी नस स्पष्ट बघता येऊ लागली. मधुमेहाने वाहिन्या पाझरायला लागल्या तर त्या इथं दिसतात. तेव्हा रुग्णाला कदाचित काहीच त्रास नसतो.

*दाब मोजणारं यंत्र*
पूर्वी डॉक्टर मिटलेल्या पापणीवर बोटं दाबून डोळा किती कडक आहे, याचा अंदाज घेत. १९०५ मध्ये नॉर्वेच्या श्यॉट्झ यांनी दाब मोजायचं छोटं यंत्र आणलं. साधारण १० ते २१ हा दाब नेहमीचा धरतात. मात्र दाब बरोबर असूनही काचबिंदू होऊ शकतो, म्हणून नसही बघावी लागते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषधानं फक्त उरलेली वाचवता येते. मोतीबिंदूचं तसं नाही, ऑपरेशननं नजर परत मिळू शकते. दोन्ही नावं सारखी वाटली तरी हा फरक लक्षात ठेवा.

*स्लिट लॅम्प*
हनुवटी टेकवून बसवतात आणि डॉक्टर उजेडाची बारीक फट डोळ्यावर टाकून भिंगातून बघतात, तो हा दिवा. स्वीडनचे गुलस्ट्रांड यांनी तो १९११ मध्ये दाखवला. डोळ्यात प्रकाश कसा वळतो यावरच्या कामासाठी त्यांना त्याच वर्षी नोबेलही मिळालं. सोयाबीन काढताना कुटार उडालं, तुरीचं खुंट लागलं, तर बुबुळावरची जखम याच दिव्याखाली, हिरवा दिसणारा रंग टाकून कळते. अशा वेळी मेडिकलमधून मनानं थेंब आणू नका. स्टेरॉईडचे थेंब पडले आणि जखमेत बुरशी असली, तर डोळा जाऊ शकतो.

*मोबाईलवर नंबर*
यात मराठी माणसाचाही हात आहे. नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर अमेरिकेतल्या एमआयटीत प्राध्यापक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'नेत्रा' हे जोडभिंग मांडलं. ते मोबाईलच्या स्क्रीनवर लावायचं, आत दिसणाऱ्या लाल-हिरव्या रेषा बटणं दाबून एकावर एक आणायच्या. रेषा किती सरकवाव्या लागल्या, त्यावरून नंबर निघतो. जिथं मोठं मशीन पोहोचत नाही, तिथं याचा उपयोग. पण हेही नंबरच सांगतं, काचबिंदू नाही.

*डॉक्टरांना हे विचारा*
शिबिरात किंवा दवाखान्यात गेल्यावर विचारायला लाजू नका : "दाब मोजला का? थेंब टाकून पडदा बघितला का?" चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि घरात कुणाला काचबिंदू असलेल्यांनी ही तपासणी करून घ्यावी. मधुमेहाच्या रुग्णांनी तर वर्षातून एकदा पडदा तपासलाच पाहिजे. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, उजेड खुपतो. म्हणून त्या दिवशी मोटारसायकल स्वतः चालवू नका, घरातलं कुणीतरी सोबत न्या.

चष्म्याची चिठ्ठी जपून ठेवाच, पण डोळ्याच्या आत बघून घेतल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असं समजू नका.