चकचकीत किती, खरखरीत किती?

मंडळी, आपण पिंपळे गुरवात बसलोय. नाशिक फाट्यावरून भोसरीच्या एमआयडीसीत गेलात, की बफिंगच्या शेडमधून आरशासारखे झालेले भाग बाहेर पडताना दिसतात. त्यामुळे इकडे समज पक्का, की जास्त चकाकी म्हणजे जास्त चांगला माल. शरीरात बसवायच्या टायटॅनियमला हे लागू पडतं का? आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. 'चांगला, पण कशासाठी?' हे विचारायची खोड जात नाही.

१९५० च्या दशकात स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवली. नंतर काढायला गेले, तर निघेना! हाड धातूला बिलगलं होतं. दाताच्या इम्प्लांटला तेच हवं असतं. म्हणून त्याचा हाडातला भाग बारीक कणांचा मारा करून, आम्लात बुडवून मुद्दाम खरखरीत ठेवतात, साधारण १ ते २ मायक्रोमीटर. हिरडीतून वर येणारा भाग मात्र ०.२ मायक्रोमीटरपर्यंत गुळगुळीत लागतो, नाहीतर जंतूंना आयता थारा. त्याहून जास्त घासून फारसा फरक पडत नाही.

आता प्लेट आणि स्क्रू. हे बऱ्याचदा, विशेषतः मुलांमध्ये, पुढे काढायचे असतात. आमच्या नातवाच्या हातातला स्क्रू हाडाने असा धरला होता, की अर्ध्या तासाचं ऑपरेशन दोन तास चाललं. आम्ही बाहेर बाकावर. पॉलिश केलेल्या टायटॅनियमला हाड कमी चिकटतं, स्क्रू सुटायला सोपा जातो, हे आम्हाला नंतर वाचून कळलं.

पॉलिशचा दुसरा फायदा मजबुतीचा. प्लेटवर रोज हजारो वेळा ताण येतो, आणि तडा बहुधा पृष्ठभागावरच्या ओरखड्यातून सुरू होतो. पण टायटॅनियममधून उष्णता लवकर पसरत नाही. बफ दाबून धरला तर तो तापतो, रंग बदलतो, पॉलिशचे कण त्यात रुततात. म्हणून काही ठिकाणी आम्लाच्या द्रावणात वीज सोडून उंचवटे विरघळवतात.

आणि सांध्यात सरकणारा गोळा? तिथे टायटॅनियम कितीही चमकवा, घासून झिजतंच. त्यासाठी कोबाल्ट-क्रोम किंवा सिरॅमिक; टायटॅनियम हाडात रुतणाऱ्या दांड्याला.

तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा: हे कायम ठेवायचं, की काढायचं?

चला, प्रश्न घेऊ. मागे उभे आहात ते, बोला.