डाएट संपलं, आता किती खायचं?

तीन महिने रोज १२०० कॅलरींवर काढले, वजन सात-आठ किलोंनी उतरलं. त्या आनंदात शनिवारी घरच्यांबरोबर पावभाजी झाली, रविवारी आमरस-पुरी. सोमवारी सकाळी वजनकाटा दीड किलो वर! हा आकडा बघून भलेभले हबकतात. काही जण त्याच दिवसापासून पुन्हा सूप आणि काकडीवर येतात. काही जण ‘एवढं करून उपयोग काय’ म्हणून सगळंच सोडून देतात. वजन परत येण्याची सुरुवात बऱ्याचदा या सोमवारच्या घाबरण्यातूनच होते.

त्या दीड किलोत चरबी फार थोडी असते. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात; म्हणजे दीड किलोसाठी साडेअकरा हजार. दोन दिवसांत एवढं कुणी खात नाही. मग काट्यावर वाढतं ते काय? बहुतांशी पाणी. पोळी-भातातल्या पिष्टमय पदार्थांचा एक भाग शरीर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवतं, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डाएटमध्ये हा साठा उतरलेला असतो, नीट जेवण मिळताच तो भरून निघतो. बाहेरच्या खाण्यातलं मीठ आणखी थोडं पाणी अडवतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात झरझर उतरलेलं वजनही बरंचसं असंच पाण्याचं होतं. त्यामुळे खाणं वाढवल्यावर पहिल्या पंधरवड्यात किलो-दीड किलो वाढ दिसली, तर ती धरूनच चालावं.

खरी अडचण पाण्याची नाही, भुकेची आहे.

ही भूक किती चिवट असते, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस दिसलं. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे शास्त्रज्ञ अन्सेल कीज यांना शोधायचं होतं. युद्धात शस्त्र उचलायला तत्त्व म्हणून नकार दिलेले ३६ निरोगी तरुण या प्रयोगासाठी स्वेच्छेने पुढे आले. १९४५च्या फेब्रुवारीपासून २४ आठवडे त्यांचं जेवण जवळजवळ निम्म्यावर आणलं गेलं. बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी असं साधं खाणं, आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटलं. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. काही जण ताटली चाटूनपुसून साफ करत, काही पाककृतींची पुस्तकं जमवून तासन् तास वाचत.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. जेवण वाढवायला सुरुवात झाली आणि पुढे बंधनं उठवली गेली, तरी या तरुणांची भूक भागेना. पोट भरलेलं असतानाही त्यांना खावंसं वाटे. काहींनी एका दिवसात नेहमीच्या कितीतरी पट खाल्लं. त्यांच्या अंगावर चरबी आधी भरली, स्नायू मागून आले, आणि स्नायू पूर्ववत होईपर्यंत चरबी मूळच्यापेक्षा जास्त झालेली होती. ही मुळात सडपातळ माणसं होती आणि त्यांची उपासमार टोकाची होती. डाएट करणाऱ्याची अवस्था इतकी बिकट नसते. पण शरीराचा रोख तोच असतो : गेलेलं वजन परत मिळवायचं.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी साडेतेरा किलो वजन उतरलं. वर्षभराने तपासलं, तेव्हाही त्यांच्या रक्तातली तृप्तीची संप्रेरकं कमी आणि भूक वाढवणारी जास्तच होती. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली या भुकेचं मापच काढलं. कमी झालेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो. भूक मात्र दर किलोमागे रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे आठ किलो उतरवलेल्या माणसाचं शरीर रोज ८०० कॅलरी जास्त मागत असतं. वजन परत आलं की ‘जिभेवर ताबा नाही’ असा शेरा मारणाऱ्यांनी हा आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा.

मग वाढवायचं कसं? शरीरसौष्ठव स्पर्धकांमध्ये ‘रिव्हर्स डाएट’ नावाची पद्धत रूढ आहे. स्पर्धा संपली की दर आठवड्याला ५० ते १०० कॅलरी वाढवत जायचं. यामुळे चयापचय पेटून उठतो आणि जास्त खाऊनही वजन उतरतं, असे दावे समाजमाध्यमांवर सर्रास दिसतात. त्यांना भक्कम शास्त्रीय आधार नाही. या पद्धतीचा खरा उपयोग वेगळा आहे. ‘सोमवारपासून सगळं सुरू’ हा धक्का टळतो, आणि नव्या वजनाला नेमकं किती अन्न लागतं हे हळूहळू कळतं.

त्याचा अंदाज घरीही बांधता येतो. समजा, डाएटच्या शेवटच्या महिन्यात १२०० कॅलरींवर आठवड्याला अर्धा किलो वजन उतरत होतं. अर्धा किलो म्हणजे ३,८५० कॅलरी, म्हणजेच रोजची तूट सुमारे ५५०. तेव्हा वजन स्थिर राहण्यासाठी त्या व्यक्तीला साधारण १,७५० कॅलरी लागतात. ही भर पाच-सहा आठवड्यांत घालायची. पहिल्या आठवड्यात रोज एक फुलका जास्त. दुसऱ्यात वाटीभर मटकीची उसळ. तिसऱ्यात गाईच्या दुधाचं वाटीभर दही, चौथ्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे. मांसाहारी घरात उसळीऐवजी एक-दोन उकडलेली अंडी चालतात. यातली प्रत्येक भर साधारण १०० ते १५० कॅलरींची आहे. तेल मात्र चमच्याने मोजूनच घ्यावं. फोडणीत सहज जास्त पडलेलं मोठा चमचाभर तेल १२० कॅलरींचं असतं, आणि आठवड्याची सगळी वाढ त्यातच संपते.

भर कशाची घालायची, यावरही बरंच अवलंबून असतं. आठ युरोपीय देशांत झालेल्या ‘डायोजेनीस’ अभ्यासात वजन उतरवलेल्या ७७३ जणांना पाच वेगवेगळे आहार दिले गेले. खाण्याच्या प्रमाणावर बंधन नव्हतं. २०१०मध्ये निष्कर्ष आले : प्रथिनं थोडी जास्त आणि रक्तातली साखर सावकाश वाढवणारं अन्न, या जोडीवर असलेल्यांचं वजन सर्वांत चांगलं टिकलं. कमी प्रथिनं आणि साखर झपाट्याने वाढवणारं अन्न खाणाऱ्यांचं परत चढलं. डाळ, उसळ, दही, अंडी, मासे यांचा वाटा आधी वाढवावा आणि भात-साखर मागून, असा याचा सरळ अर्थ.

काट्याकडे रोज पाहिलं तरी चालेल, निर्णय मात्र आठवड्याच्या सरासरीवर घ्यावा. सलग दोन-तीन आठवडे सरासरी चढत राहिली, तर शेवटची भर मागे घ्यावी. स्थिर असली तर पुढची घालावी.

याला जोड हवी हालचालीची. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना हॉल यांनी सहा वर्षांनी तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या मंडळींचं ४१ किलो वजन परत आलं होतं, आणि विश्रांतीच्या अवस्थेतला त्यांचा कॅलरींचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. पण त्यांच्यातही ज्यांनी वजन बऱ्यापैकी टिकवलं, त्यांची शारीरिक हालचाल स्पर्धेपूर्वीपेक्षा १६० टक्क्यांनी वाढलेली होती. वजन परत आलेल्यांची जेमतेम ३४ टक्क्यांनी. रोजचं भरपूर चालणं आणि स्नायू टिकवणारा वजनांचा व्यायाम डाएट संपल्यावर बंद करण्याची चूक म्हणूनच महागात पडते.

काहींनी मात्र हे प्रयोग स्वतःच्या हिमतीवर करू नयेत. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना खाणं बदललं की औषधाची मात्राही बदलावी लागू शकते. कित्येक दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्या माणसाने एकदम भरपूर खाल्लं, तर रक्तातलं फॉस्फरस धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच अन्न सुरू करावं लागतं. डाएटच्या काळात पाळी थांबली असेल, केस मुठीने गळत असतील, खाण्याचा विचार दिवसभर डोक्यातून जात नसेल किंवा खाल्ल्यावर उलटी काढावीशी वाटत असेल, तर कॅलरींचा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना गाठावं.