जर्मनीचा कुशल कामगार व्हिसा : पात्र कोण, अपात्र कोण?



आपल्या भागात आता एकरांच्या वाटण्या गुंठ्यांवर आल्या. एका भावाने ऊस पाहावा, दुसऱ्याने आयटीआय करून कुठे तरी चिकटावे, हा घरोघरचा हिशोब. त्या दुसऱ्या पोराच्या तोंडी हल्ली जर्मनीचे नाव ऐकू येते. त्याच्या मागोमाग एजंटही येतो, आणि मग जमीन गहाण टाकण्याच्या गोष्टी निघतात. सातबाऱ्यावर बोजा चढवण्याआधी या व्हिसाचे नियम काय आहेत, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे, म्हणून हा लेख देत आहोत.

ही वाट निघाली कशी?

जर्मनीत म्हातारी माणसे वाढली, कामाचे हात कमी पडले. म्हणून त्या देशाने कुशल कामगारांसाठी वेगळा कायदा केला. तो १ मार्च २०२० पासून लागू झाला व २०२३ मध्ये आणखी सैल करण्यात आला. भारत व जर्मनी यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतराचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र शासनाने तेथील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले.

म्हणजे वाट खरी आहे, थाप नाही. पण दार उघडे असले तरी उंबऱ्यावर माप आहे.

पहिले माप : शिक्षण

आपल्या पोराचे प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाच्या तोडीचे आहे, असे तेथील अधिकृत संस्थेने पूर्णपणे मान्य केले, तर तो त्यांच्या लेखी 'कुशल कामगार' ठरतो. कारखानदारी व व्यापारातील बहुतेक धंद्यांची ही तपासणी न्यूरेंबर्ग येथील एक कार्यालय करते. मात्र आपल्याकडील आयटीआयला पूर्ण मान्यता सहज मिळत नाही.

ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यासाठी १ जून २०२४ पासून 'संधी कार्ड' सुरू झाले. त्यालाही अट आहे. प्रशिक्षण शासनमान्य हवे आणि किमान दोन वर्षांचे हवे. इथेच पुष्कळांची गल्लत होते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे आपले ट्रेड दोन वर्षांचे, ते या अटीत बसतात. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा. पोरगा कितीही तरबेज असो, नुसत्या त्या सर्टिफिकेटवर संधी कार्ड मिळत नाही. एजंट हे सांगत नाही. याखेरीज जर्मन भाषेची पहिली पायरी (ए-वन) अथवा चांगले इंग्रजी (बी-टू) लागते.

दुसरे माप : सहा गुण

एवढे जमल्यावर किमान ६ गुण भरावे लागतात. मुख्य बाबी अशा :

१) वय ३५ पर्यंत असल्यास २ गुण, ४० पर्यंत १ गुण. पुढे वयाचा गुण नाही.
२) गेल्या पाच वर्षांत आपल्याच ट्रेडचे दोन वर्षे काम केले असल्यास २ गुण, गेल्या सात वर्षांत पाच वर्षे केले असल्यास ३ गुण.
३) जर्मन भाषा ए-टू असल्यास १, बी-वन असल्यास २, बी-टू किंवा वर असल्यास ३ गुण.
४) प्रशिक्षणास अंशतः मान्यता मिळाली असल्यास ४ गुण.

आता हिशोब मांडून पाहू. समजा, एक फिटर २७ वर्षांचा आहे आणि तीन वर्षे कामावर आहे. वयाचे २, अनुभवाचे २, भाषा ए-टू म्हणून १. झाले ५. एका गुणाने गाडी अडली! तोच पोरगा आणखी काही महिने अभ्यास करून बी-वन पास झाला, की ६ भरतात. किंवा अनुभव पाच वर्षांचा झाला, तर ए-टूवरही भागते. वय व ट्रेड आपल्या हातात नाहीत, भाषा मात्र आहे. ती एजंटाला पैसे देऊन येत नाही, स्वतःच शिकावी लागते.

कार्ड म्हणजे नोकरी नव्हे

ऊसनोंद झाली म्हणजे तोड आली असे होत नाही, हे आपणांस सांगायला नको. तसेच हे कार्ड. जर्मनीत जाऊन एक वर्षापर्यंत नोकरी शोधण्याची ती परवानगी आहे. त्या काळात आठवड्याला २० तास अर्धवेळ काम करता येते. नोकरी मिळाली नाही, तर परतावे लागते.

तेवढा काळ पोट कसे भरणार, हे आधी दाखवावे लागते. २०२५ साली त्यासाठी दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो धरले जात होते. रुपयांत ही रक्कम बारा लाखांच्या वर जाते. पण नीट लक्षात घ्या, ही फी नाही. मुलाच्या स्वतःच्या नावाच्या बंद खात्यात हे पैसे राहतात आणि दरमहा त्यालाच मिळतात. "रक्कम आमच्याकडे भरा" असे कोणी म्हणाला, की तिथूनच उठावे. सरकारी व्हिसा फी फक्त ७५ युरो आहे.

वेल्डर व बारावी झालेल्यांनी काय करावे?

त्यांच्यासाठी तेथे जाऊन शिकाऊ उमेदवारी करण्याची वाट आहे. दोन ते साडेतीन वर्षे कारखान्यात काम, जोडीला शाळा, आणि दरमहा विद्यावेतन. त्याला साधारण बी-वन जर्मन व कंपनीचा करार लागतो. वेळ जातो खरा, पण शेवटी जर्मन सर्टिफिकेट हाती येते व मान्यतेचा प्रश्नच उरत नाही.

एजंटाची पारख

परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. त्याला घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच आहे. पाच-सात लाख मागणारा काय लायकीचा आहे, ते यावरून ओळखावे. 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासता येतो. आणि "व्हिसाची गॅरंटी" देणारा तर खोटाच, कारण व्हिसा देणे न देणे जर्मन वकिलातीच्या हाती आहे.

आमची सूचना

घाई करू नये. आधी ट्रेड दोन वर्षांचा आहे का ते पाहावे. अनुभवाचे दाखले तारखांसह घ्यावेत. हंगामी कामगारांनी प्रत्येक हंगामाचा वेगळा दाखला घ्यावा. मग जर्मनचा वर्ग लावावा. पुणे-मुंबईत मॅक्सम्यूलर भवनात वर्ग व परीक्षा दोन्ही आहेत. ए-टूपर्यंत पोराची चिकाटी टिकली, तरच पुढच्या खर्चाचा विचार करावा. रकमा दरवर्षी बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी 'मेक इट इन जर्मनी' या जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

पोरगा गेला तर चार पैसे घरी येतील. नाही गेला तरी भाषा अंगी राहील. पण जमीन गेली, तर ती परत येत नाही. तेव्हा कागद आधी, कर्ज नंतर, एवढे ध्यानात ठेवावे. कळावे.