बदली बाबांची, शाळा भावाची

आज बोलूया फौजी घरातल्या ऑटिस्टिक मुलांबद्दल. माझा धाकटा भाऊ त्यातलाच, बाबा लष्करात. दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेलीच. मला नवं क्वार्टर म्हणजे मजा; त्याला मात्र पंख्याचा आवाज बदलला तरी झोप नाही. थेरपिस्टशी जरा जुळतंय म्हणेपर्यंत परत काळ्या ट्रंका भरा!

इथे कामाला येतात ‘आशा’ शाळा. लष्करातल्या पत्नींची संघटना ‘आवा’ त्या चालवते, पुण्यातही आहे. नौदलाची ‘संकल्प’, हवाई दलाची ‘उमीद’. पण अशी शाळा प्रत्येक ठाण्यावर नसते. मुलासाठी ठरावीक ठिकाण मागता येतं, मिळेलच असं नाही. म्हणून अर्ज लवकर करा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि यूडीआयडी कार्ड देशभर चालतं. ते काढाच.

आई शिवाय एक वही ठेवते: तो कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, ‘पाणी’ कसं मागतो. नव्या बाईंच्या हातात पहिल्या दिवशी तीच. जाडजूड रिपोर्टपेक्षा ती जास्त कामाची, हे माझं मत. फक्त सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका, ट्रक आठवडाभर उशिरा येतो. हातातल्या पिशवीत ठेवा.