बातुमीतले तीन दिवस

कोनेरू हम्पी ग्रँडमास्टर झाली ती २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी. नागपूरच्या दिव्या देशमुखचा जन्म डिसेंबर २००५चा. जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत या दोघी समोरासमोर बसल्या. दोघीही भारतीय, त्यामुळे चषक भारतात येणार हे आधीच ठरले होते. कोणाच्या घरी, एवढाच प्रश्न होता.

दिव्याचे मानांकन पंधरावे. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. पण वाटेत तिने झू जिनेर, हरिका द्रोणवल्ली आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना घरी पाठवले होते. तानविरुद्धचा एक डाव तर १०१ चालींपर्यंत रेटला. नशिबाने एखादी फेरी निघते, इतक्या निघत नाहीत.

२६ जुलैच्या पहिल्या डावात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना दिव्याला वरचढ होण्याची संधी मिळाली, ती तिने घालवली. बरोबरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बरोबरी. आता जलद डाव खेळायचे म्हटल्यावर हम्पीकडे पाहणे साहजिकच होते. जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद तिने दोनदा मिळवलेले, २०१९मध्ये आणि अगदी अलीकडे, २०२४च्या डिसेंबरात.

२८ तारखेचा पहिला जलद डावही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. पटावरची मोहरी कमी होत गेली, तसतसा हम्पीच्या घड्याळातला वेळही आटत गेला, आणि तिथे ती चुकली. दिव्यानेही चाली चोख केल्या असे नाही. हातात आलेला डाव निसटला आणि पुन्हा हाती आला. डाव म्हणून तो काही नितळ नव्हता; पण मला तरी या लढतीतला तोच डाव सर्वांत जवळचा वाटतो. जलद बुद्धिबळात ज्या खेळाडूची चूक शेवटची, तिचा पराभव, आणि त्या दिवशी शेवटची चूक हम्पीची होती.

अडीच विरुद्ध दीड. विश्वचषक जिंकणारीला किताब थेट मिळतो, त्यामुळे नॉर्मची पायरी न चढताच दिव्या भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. आईच्या गळ्यात पडून ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली ते साधारण असे, की शेवटी आपण घोळ घातला, डावाचा अंत्यभाग आता नीट शिकायला हवा.