स्पायडर प्लांट
शतावरीच्या कुलातील ही लहान, बहुवर्षायू ओषधी मूळची आफ्रिकेच्या उष्ण व दक्षिण भागांतील असून तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम असे आहे. पूर्वी तिचा अंतर्भाव पलांडू कुलात करीत. मूलक्षोड आखूड, मुळे जाड, मांसल व पाणी साठविणारी. पाने मूलज, अरुंद, लांब व बाहेर वाकलेली असतात. बारीक दांड्यावर लहान पांढरी फुले येतात; नंतर त्याच दांड्यावर पानांचे झुबके असलेली रोपटी लोंबू लागतात. ती कोळ्यासारखी दिसतात म्हणून इंग्रजी नाव पडले व मराठी घरांतही तेच रूढ झाले.

रंगीत प्रकारांपैकी ‘व्हिट्टॅटम’ मध्ये पानाच्या मध्यभागी, तर ‘व्हेरिगेटम’ मध्ये कडांना पांढरा वा पिवळसर पट्टा असतो. हा पट्टा म्हणजे हरितद्रव्याचा अभाव होय. एकाच पानात हिरव्या व रंगहीन पेशींचे थर शेजारी नांदतात; अशा मिश्र शरीराला विचित्रोतकी म्हणतात. बी एकाच थरातील पेशींपासून बनत असल्यामुळे बियांच्या रोपांत पट्टे बहुधा टिकत नाहीत. काही रोपे निव्वळ हिरवी होतात, तर काही पांढरी निपजून मरतात. म्हणून अभिवृद्धी रोपट्यांपासून किंवा गड्डा फोडूनच करतात. मूळ झाडात निव्वळ हिरवा फुटवा दिसताच तो तळापासून काढावा. हरितद्रव्य अधिक असल्याने तो जोमाने वाढतो व पट्टेदार भागाला मागे टाकतो.

हरितद्रव्य कमी म्हणजे अन्ननिर्मिती कमी. त्यामुळे अंधाऱ्या कोपऱ्यात हे झाड खुरटते आणि पट्टे फिके पडतात. उलट दुपारच्या थेट उन्हात पांढरा भाग करपतो. मीरा-भाईंदरमधील पेणकरपाड्यासारख्या दाट वस्तीत सकाळचे कोवळे ऊन मिळणारी गॅलरी किंवा खिडकीलगतची जागा सर्वांत सोयीची. पोयटा, कुजलेले शेणखत व जाड वाळू यांचे मिश्रण भरावे. कुंडीच्या तळाचे भोक मोकळे असावे. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात झाड वाळून मरण्यापेक्षा कुजून मरण्याचा धोका मोठा. मांसल मुळे सतत ओल्या मातीत सडतात, तेव्हा वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे व कुंडी पागोळीखाली ठेवू नये. पानांची टोके तपकिरी होण्यामागे बहुधा कोरडेपणा, खतांचा अतिरेक, पाण्यातील क्षार वा फ्लुओराइड असते. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवल्यास क्लोरीन बरेचसे निघून जाते. क्षार मात्र जात नाहीत. कूपनलिकेचे पाणी मचूळ असल्यास पावसाचे पाणी वापरावे.

दिवस बारा तासांहून लहान झाले की रोपटी येण्यास चालना मिळते. साष्टीच्या अक्षांशावर असे दिवस सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत असतात. मात्र खोलीत रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असेल, तर झाडाला दिवस लांबल्यासारखा भासतो. रोपट्याच्या तळाशी मुळांचे कोंब दिसल्यावर ते दांड्यासकट शेजारच्या लहान कुंडीत टेकवावे आणि मुळे धरल्यावर दांडा कापावा. पाण्यात मुळे फुटतात, पण ती ठिसूळ असल्याने लवकर मातीत लावणे बरे. केशरी देठांचा प्रकार, जो क्लो. अमानिएन्स वा क्लो. ऑर्किडास्ट्रम ह्या नावांनी विकला जातो, अशी रोपटी देत नाही. तो बियांपासून किंवा विभाजनाने वाढवितात.

हे झाड घरातील हवा शुद्ध करते ही समजूत अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात बंदिस्त पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून पसरली. २०१९ मधील एका समीक्षेनुसार हवा खेळत्या खोलीत तसा परिणाम साधण्यास दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील. उघडी खिडकी अधिक उपयोगी.

ह्याच प्रजातीतील सफेद मुसळी ऊर्फ क्लो. बोरिव्हिलिएनम ही जाती, पेणकरपाड्याहून फार दूर नसलेल्या बोरिवलीच्या नावाने ओळखली जाते. सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पावसाळ्यात ठाणे जिल्ह्यातील बाजारांत फोडशी किंवा कुली म्हणून मिळणारी कोवळ्या पानांची भाजीही ह्याच प्रजातीतील जातींची. औषधी मुळांसाठी झालेल्या बेसुमार खणण्याने सफेद मुसळी रानातून विरळ झाली आहे. ह्या रानटी जातींची पाने पावसाळ्यानंतर वाळून जमिनीखालची मुळेच उरत असल्याने शोभेच्या कुंडीसाठी त्या डोंगरातून उपटून आणण्यात काहीच लाभ नाही.