युनिक्ससदृश प्रणालीवरील अक्षरजुळणी व हरवलेले मराठी फॉन्ट : निदानाचा क्रम

प्रस्तावना

डोनाल्ड नूथ यांनी 1978 मध्ये सिद्ध केलेली 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली व तिच्यावर आधारलेली 'लाटेक' ही आज्ञावली विज्ञान शाखांतील अध्यापकांना परिचित आहे. युनिकोड मजकूर आणि संगणकावरील फॉन्ट थेट वापरण्याची सोय जोनाथन क्यू यांच्या 'झीटेक'ने 2004 मध्ये मॅकवर व 2006 मध्ये लिनक्सवर उपलब्ध करून दिली. त्यामुळे मराठी शोधनिबंधही या मार्गाने छापणे शक्य झाले. तथापि 'फॉन्ट सापडत नाही' या सूचनेशी अनेकांचे प्रयत्न थांबतात. ही तक्रार एक दिसत असली तरी तिच्यामागे निरनिराळे दोष संभवतात. ते कोणत्या क्रमाने तपासावेत, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे. उदाहरणासाठी रत्नागिरी तालुक्यात मुचकुंदी नदीच्या मुखाशी असलेल्या किल्ल्याचे 'पूर्णगड' हे नाव घेतले आहे. आज्ञांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टंकावी लागतात.

1. फॉन्ट संगणकावर आहे काय?

लिनक्सवर फॉन्टची नोंद 'फॉन्टकॉन्फिग' ही व्यवस्था ठेवते. 'एफसी-लिस्ट' या आज्ञेने उपलब्ध फॉन्टची यादी मिळते. 'एफसी-मॅच' या आज्ञेवर मात्र येथे विसंबू नये. मागितलेला फॉन्ट नसला तरी ती जवळचा पर्याय सुचवते आणि फॉन्ट असल्याचा भास होतो. फॉन्ट यादीत नसेल तर त्याची फाइल स्वतःच्या फॉन्ट-संचिकेत ठेवून 'एफसी-कॅश' चालवावे. नाव यादीत दिसते तसेच, रिकाम्या जागांसह लिहावे.

2. फॉन्ट आहे, परंतु कार्यक्रमास दिसतो काय?

प्रत्येक कार्यक्रमाची शोधण्याची जागा वेगळी असते. झीटेक नावाने मागितलेला फॉन्ट फॉन्टकॉन्फिगकडून घेते. 'टेक लाइव्ह' या संचासोबत आलेले फॉन्ट तिच्या कक्षेबाहेर असू शकतात. अशा वेळी संचातील फॉन्ट-संचिकांची नोंद फॉन्टकॉन्फिगला द्यावी किंवा फॉन्ट फाइलच्या नावाने मागवावा. 'लुआलाटेक' स्वतःची सूची ठेवते. ती 'लुआओटीएफलोड-टूल' या साधनाने अद्ययावत करता येते. जुने 'पीडीएफलाटेक' तर संगणकावरील ओपनटाइप फॉन्ट नावाने शोधतच नाही. त्यामुळे लेखनप्रणालीत दिसणारा फॉन्ट येथे 'हरवलेला' ठरतो.

3. फॉन्ट मिळाला, परंतु अक्षर आहे काय?

हा दोष सर्वांत घातक होय, कारण काम थांबत नाही. मराठी मजकुरास केवळ रोमन अक्षरे असलेला फॉन्ट लागू झाला तर पीडीएफ तयार होते, पण अक्षरांच्या जागी रिकामी जागा किंवा चौकट राहते. त्याची 'मिसिंग कॅरेक्टर' अशी नोंद नोंदफाइलमध्ये असते. ती न वाचणाऱ्यास मुद्रणानंतरच उणीव कळते. 2021 पासूनच्या टेक लाइव्हमध्ये 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' या घटकास 3 ही किंमत दिल्यास अशी प्रत्येक उणीव त्रुटी म्हणून पुढे येते. शोधपत्रिकेच्या आराखड्यात ही किंमत कायम ठेवावी.

4. अक्षर आहे, परंतु जुळणी होते काय?

'पूर्णगड' हा शब्द प, ऊकार, र, हलंतचिन्ह, ण, ग व ड अशा सात संकेतांकांनी साठवला जातो. रफार कोठे बसवावा हे फॉन्टमधील नियमांवरून ठरते. लिपी देवनागरी असल्याचे फॉन्टच्या आज्ञेत सांगितले नाही, तर 'पूर्‌णगड' अशी सुटी अक्षरे उमटू शकतात आणि 'रत्नागिरी'तील पहिली वेलांटी चुकीच्या बाजूस जाऊ शकते. म्हणून लिपी 'देवनागरी' व भाषा 'मराठी' असे दोन्ही नमूद करावे. लुआलाटेकमध्ये 'हार्फबझ' हा जुळणीघटकही निवडावा.

5. मजकूरच युनिकोडमध्ये आहे काय?

श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर रोमन संकेतांकांवर देवनागरी आकृती बसवून तयार होत असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर असंबद्ध रोमन अक्षरे दिसतात. येथे नवा फॉन्ट बसवून उपयोग नाही. मजकुराचे रूपांतरच करावे लागते आणि त्यानंतर मुद्रितशोधन अनिवार्य ठरते.

समारोप

पीडीएफ पाठविण्यापूर्वी 'पीडीएफफॉन्ट्स' ही आज्ञा चालवावी. प्रत्येक फॉन्ट फाइलमध्ये अंतर्भूत आहे किंवा नाही, हे तिच्या तक्त्यात दिसते. अंतर्भूत नसलेला फॉन्ट वाचकाच्या संगणकावर पुन्हा हरवतो. त्याच फाइलमध्ये 'पूर्णगड' हा शब्द शोधूनही पाहावा. पृष्ठावर शुद्ध दिसणारा शब्द शोधात सापडेलच असे नाही. स्थानिक इतिहासावरील निबंधात ग्रामनामे व व्यक्तिनामे हाच पुरावा असतो. तेथे एखादे अक्षर गळाले तर पुढील अभ्यासकास ते नाव सापडत नाही. म्हणून फॉन्टची तपासणी हा मुद्रितशोधनाचाच भाग मानणे आवश्यक आहे.